कलम

एक सप्टेंबरला बॉस्टनमध्ये
अर्धं शहर उठून उरलेल्या अर्ध्या शहराच्या घरात जातं.
फुटपाथवर गाद्या, दिवे, एकाच दाराचं कपाट,
कुणाचा तरी तुळशीएवढा प्लास्टिकचा ख्रिसमस ट्री.
नदीकाठच्या पुलाखाली दरवर्षीप्रमाणे एक ट्रक अडकतो
आणि त्याचं छत शेंगेसारखं सोललं जातं.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
आमचं भाड्याच्या ट्रकात,
नांगी तेवढी बँकेकडे.

पुण्याहून नणंदबाईंचा फोन : अजून भाड्यानंच?
जसं विचारावं, अजून खोकला आहेच?
निरंजननं एक तक्ता केलाय.
हप्ता, कर, विमा, बर्फ उपसणं,
एक रकाना नुसता छपराचा.
सगळ्या बेरजा शेवटी एकाच ओळीत येऊन बसतात :
वय बहात्तर, घर आपलं.

मागितलंच नाही असं नाही.
तीन वर्षांपूर्वी मॉल्डनमधल्या एका दुमजली घरासाठी
मी चक्क पत्र लिहिलं.
एजंट म्हणाला, लिहा, मालकीणबाई वाचतात.
लिहिलं, खिडकीखालच्या कट्ट्यावर आमची शाल्मली वाचत बसेल.
लिहिलं, मागचं नाशपतीचं झाड ओळखीचं वाटलं.
(खोटं. नाशपती मी तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यातच पाहिलेली.)
लग्नाआधी निरंजनलाही इतकं गोड लिहिलं नव्हतं.
अकरा बोल्या लागल्या.
घर गेलं रोख पैशाच्या एका कंपनीला,
जिच्या नावात दोन अक्षरं आणि एक आकडा,
जिनं आत पाऊलही टाकलं नव्हतं.
घर पाहावं बांधून?
आम्ही पाहिलं ते नुसतं पाहूनच,
रविवारी, दोन ते चार,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.

या जूनमध्ये तेच घर भाड्यानं आलं.
वरचा मजला.

खिडकीखाली कट्टा आहे अजून.
शाल्मली पंधराची झाली, तिथे फोन चार्ज करते.
पहिल्याच आठवड्यात तळघरात पाणी.
मी पायरीवर उभी, खाली काळं, घोटाभर,
आणि शपथेवर सांगते, आनंदाची उकळी फुटली :
हे पाणी माझं नाही.
एक फोन. एक हेक्टर नावाचा माणूस,
गुडघ्यापर्यंत बूट.
अठरा हजार लागतील, म्हणाला.
मी त्याला आलं घालून चहा दिला.

खालच्या डोनाहूबाई अठ्ठ्याहत्तरच्या.
चाळीस वर्षं स्वतःच्या घरात काढली, मग विकलं.
छपराची काळजी करत नवरा गेला, म्हणतात,
छप्पर आहे अजून.
आता रात्री पाऊस आला की त्या
नुसती कूस बदलतात.

सगळं खरं.
तरी कधी भिंतीवर हात ठेवून उभी राहते.
खिळा मारायचा नाही, कलम चौदा.
रंग लावायचा नाही, कलम पंधरा.
पुढच्या सप्टेंबरचं भाडं, कलम एकवीस,
तिथे आकड्याच्या जागी एक शब्द : बाजारभाव.
आईचा फोटो पुस्तकांना टेकवून ठेवलाय.
ती जराशी मागे रेललेली,
रात्रीच्या गाडीत बसल्यासारखी.

पत्रपेटीत जुन्या मालकीणबाईंचं टपाल येतं अजून.
मिसेस पेत्राकिस, रोपांचा कॅटलॉग,
वसंताची सवलत.
मी टाकून देत नाही. का, ते तक्त्यात बसत नाही.

महिना संपता संपता नाशपती पडायला लागली.
करार पुन्हा काढून वाचला.
अठ्ठावीस कलमं. कचरा, कुत्रा, बर्फ, आवाज, पाहुणे किती रात्री.
झाडाचं नाव कुठेच नाही.
बुंध्याशी वाकून पाहिलं :
एका खोडावर दुसऱ्याची फांदी,
सांधा जुना, गुडघ्यासारखा सुजलेला.
हे एकोणतिसावं.

डोनाहूबाई खालून पातेलं घेऊन आल्या.
कुंपणाकडची आधी घे, म्हणाल्या,
ती खारी नेतात.